चार भोंगे, २०० मीटर तार: किती वॅटचं मशीन घ्यावं?

भाऊ, तुमच्या देवळाचे ३० वॅटचे चार भोंगे आहेत, प्रत्येकाला लाइन ट्रान्सफॉर्मर (१०० व्होल्टची लाइन भोंग्याला झेपेल अशी उतरवणारा) आहे, शेवटचा भोंगा २०० मीटरवर आहे आणि मल्टिमीटर लावला तर लाइन १० ओहमच्याही खाली दाखवते. एवढ्या कमी ओहमला कोणतं मशीन (ॲम्प्लिफायर) टिकेल, असं तुम्ही विचारलंय. मी तिवसा तालुक्यात साउंडचं आणि मशीन दुरुस्तीचं काम करतो.

मीटरचा तो आकडा धरू नका. मीटर फक्त तांब्याच्या वेटोळ्यांचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. आवाजाच्या एसीला ट्रान्सफॉर्मर कितीतरी जास्त ओहमचा दिसतो. लोड वॅटवरून काढा: लाइन १०० व्होल्टची, चार भोंगे मिळून १२० वॅट; १०० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे ८३ ओहम. १२० वर पाव हिस्सा चढवला की १५०. म्हणून १०० व्होल्टचं टर्मिनल असलेलं १६० वॅटचं मशीन घ्या. पुढं आणखी दोन भोंगे लावायचे असतील तर २५० चं. बॅटरीवर चालणारं मिळालं तर लोडशेडिंगला बरं.

ट्रान्सफॉर्मर काढा, भोंग्यांची १६ ओहमची चार युनिटं (आवाज काढणारे भाग) पॅरलल करून ४ ओहमवर जोडा, असं कोणी सांगेल. करू नका. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २०० मीटर जाऊन-येऊन सुमारे ७ ओहम भरते. चारही भोंगे टोकाला असले तर निम्म्याहून जास्त ताकद तारच खाते. १०० व्होल्टवर तीच तार जेमतेम ८ टक्के खाते.

आता खरं सांभाळायचं ते सांगतो. एका सप्ताहात पखवाज दणक्यात वाजावा म्हणून मंडळींनी बेसचा नॉब पूर्ण फिरवला होता. धुम्यावर (पखवाजाच्या खालच्या सुराच्या बाजूवर) थाप पडली की मशीनचा दिवा मिणमिणायचा. कीर्तन रंगात असताना आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले. मी रात्रीच बदलले, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उडाले. लोड तर बरोबर होता! दोष बेसचा होता. त्याच व्होल्टेजला ३०० हर्ट्झपेक्षा ५० हर्ट्झला ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) सहापट चुंबकीय फ्लक्स लागतो. कोअर तेवढा झेलत नाही, भरून जातो. मग ट्रान्सफॉर्मर नुसतं तारेचं वेटोळं उरतो, आणि मीटरवर दिसलेले ते थोडे ओहम त्या क्षणी खरे होतात. मशीनला ते शॉर्टसारखंच.

भोंगा तसाही एवढा खालचा सूर वाजवत नाही, त्यामुळे बेस काढल्यानं तुमचं काहीच जात नाही. नॉब खाली ठेवा आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या लाइनच्या बाजूला सिरीजमध्ये छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका. ३० वॅटच्या टॅपला (ट्रान्सफॉर्मरवर वॅट निवडायच्या जोडणीला) तो साधारण १९० हर्ट्झच्या खालचं अडवतो, डीसीही अडवतो. त्या गावात मी तसेच चार कंडेन्सर टाकले, त्यानंतर ट्रान्झिस्टर गेले नाहीत.

घरांजवळच्या भोंग्याला १५ वॅटचा टॅप लावा, म्हाताऱ्या माणसांना त्रास कमी होतो. तासभर भजन झालं की मशीन बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर कोणत्या टॅपवर जोडलाय ते आधी तपासा.