वडील म्हणतात, अपमान झालाच नाही

प्रश्न : आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. माझे वडील सत्तरीचे आहेत. बाजारात ते सफाईने कन्नड बोलतात, पण त्यांना कन्नड लिहिता येत नाही. शेताच्या उताऱ्यातील नावाच्या चुकीबद्दल त्यांनी एका कार्यालयात मराठीतून तक्रार अर्ज दिला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने तो रांगेतल्या लोकांना दाखवून, हसून परत टाकला. मग रांगेतल्याच एका कन्नड गृहस्थांनी तो कन्नडमध्ये लिहून दिला. वडील म्हणतात, ‘‘जाऊ दे की, काम झालं न्हवं?’’ ज्याला अपमान वाटलाच नाही, त्याचा अपमान झाला असे म्हणता येईल का?

उत्तर : म्हणता येईल. वाईट वाटणे ही आपल्या मनाची अवस्था असते, तर अपमान ही दुसऱ्याने केलेली कृती असते. ‘पाणउतारा’ हा आपला शब्द येथे अधिक नेमका आहे, कारण त्यातले पाणी म्हणजे माणसाचे तेज, आणि ते चारचौघांत उतरवले जाते. ‘अर्ज कन्नडमध्ये हवा’ एवढेच त्या कर्मचाऱ्याने म्हटले असते, तर तो नकार ठरला असता आणि नकाराशी वाद घालता आला असता. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. हसण्याशी असा वाद घालता येत नाही, कारण ते अर्जाला नव्हे, अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला होते.

सवयीने अपमान जाणवेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर गेलेले लोक केवळ तहानेने गेले नव्हते. तो अपमान कितीतरी खोल आणि पिढ्यांचा होता, त्याची बरोबरी मी येथे करत नाही. मात्र लोकांनी तो इतकी वर्षे सोसला, म्हणून तो अपमान नव्हता असे कोणी म्हणू शकेल का?

तरीही वडिलांकडून ‘माझा अपमान झाला’ असे वदवून घेऊ नका. ‘काम झालं न्हवं’ हे कदाचित त्यांनी आपला आब राखण्यासाठी निवडलेले शब्द असतील, आणि आग्रहाने ते काढून घेणे हाही एक पाणउताराच होईल. त्या कन्नड गृहस्थांनी शेजारी बसून अर्ज लिहून दिला, हेही घरात आवर्जून बोला. त्या रांगेत वडिलांना माणूस म्हणून वागवणारे तेच होते. पुढचा तक्रार अर्ज वडिलांना हवा असेल तर मराठीतच, त्यांच्या हाताने लिहू द्या, आणि पोच घ्यायला तुम्ही सोबत जा.