काटा का हलत नाही? ॲमीटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुळागरातल्या पंपाच्या पॅनेलवरचा ॲमीटर (करंट मोजणारा मीटर) बंद पडला. घरी पडून असलेला दुसरा काट्याचा मीटर लावला. पंप चालतो, पण काटा शून्यावरच थरथरतो. मीटर गेला का? (बागायतदार, फोंडा)

उत्तर : मीटर गेलेला नसावा, तो डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा असावा. अशा मूव्हिंग कॉइल मीटरमध्ये कायमच्या चुंबकापाशी तारेची हलकी गुंडाळी असते. करंटची दिशा बदलली की ती उलटी वळते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेत दिशा सेकंदाला 100 वेळा बदलते, आणि काटा तेवढ्या वेगाने फिरूच शकत नाही. तुम्हाला मूव्हिंग आयर्न मीटर हवा. त्यात गुंडाळीतल्या दोन लोखंडी पट्ट्या एकसारख्याच चुंबकित होऊन एकमेकींना ढकलतात. करंट उलटला तरी त्या ढकलतातच. हा जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून डायलवर सुरुवातीचे आकडे दाटीने असतात. खरेदी करताना डायलवर नागमोडी रेघ आहे ना, ते बघा. सुरू होताना पंप नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढतो, तेव्हा मोटरसाठीचा, शेवटी ओव्हरलोडची पट्टी असलेलाच घ्या.

प्रश्न : फ्रिजच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावला तर शून्य दाखवतो. (गृहिणी, म्हापसा)

उत्तर : शून्यच दाखवणार. त्या वायरीत फेज आणि न्यूट्रल एकत्र आहेत. जाणारा आणि परतणारा करंट सारखाच, दिशा उलट, त्यामुळे दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. क्लॅम्पमध्ये एकटी फेजच हवी. त्यासाठी वायर सोलू नका. सुट्या वायरींची छोटी एक्स्टेन्शन इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. करंट अगदी कमी असेल तर फेजचे दहा वेढे क्लॅम्पमधून घ्या आणि आकड्याला दहाने भागा.

हे शून्य मला फार मोलाचे वाटते. फेज-न्यूट्रल एकत्र धरूनही आकडा आला, तर तेवढा करंट न्यूट्रलने न परतता भिंतीतून किंवा अर्थिंगमधून जातोय. आपल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेव्हा ही तपासणी जरूर करून घ्या. मात्र तिला मिलीअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प लागतो. साधा पुरत नाही. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विचही, साधारण 30 मिलीअँपिअरलाच पडायचा असतो.

प्रश्न : ट्रॉलरच्या 24 व्होल्ट बॅटरीवर साधा क्लॅम्प मीटर का चालत नाही? (बेतूल)

उत्तर : साधा क्लॅम्प म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्याला बदलते क्षेत्र लागते, बॅटरीचे स्थिर असते. स्थिर क्षेत्रही ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचा एसी-डीसी क्लॅम्प घ्या आणि दर वेळी आधी झिरोचे बटण दाबा. कायमचा मीटर बसवायचा तर शंट लावा. 100 अँपिअर, 75 मिलिव्होल्टचा शंट म्हणजे जाड धातूची पट्टी. सगळा करंट तिच्यातूनच जातो. मीटर फक्त तिच्या दोन टोकांमधला इवलासा व्होल्टेज वाचतो.

प्रश्न : मल्टिमीटरने सॉकेटमधला करंट मोजायला गेलो आणि फ्यूज उडाला. (विद्यार्थी, कुडचडे)

उत्तर : फ्यूज उडाला म्हणून वाचलात. ॲमीटरचा रोध जवळजवळ शून्य. सॉकेटच्या दोन भोकांत तो लावणे म्हणजे थेट शॉर्ट. करंट लोडच्या सिरीजमध्येच, म्हणजे उपकरणाकडे जाणाऱ्या वायरीच्या वाटेतच मीटर जोडून मोजतात. मोजून झाले की लाल वायर 10 अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. नवा फ्यूज त्याच क्षमतेचा आणि एचआरसीच (शॉर्टचा मोठा करंटही सुरक्षित तोडणारा) घाला, तार मुळीच नको.