दोन बहुभुजांच्या सीमा किती वेळा छेदतात? सुरुवात इथून करा

दोन बहुभुजांच्या सीमा एकमेकींना जास्तीत जास्त किती वेळा छेदू शकतात, हा प्रश्न छान निवडलात. लगेच सूत्रामागे धावू नका. आधी कागदावर दोन त्रिकोण काढा, एक सुलटा आणि त्यावर एक उलटा. चांदणी तयार होते, छेदबिंदू 6. याहून जास्त मिळत नाहीत, कारण एक सरळ बाजू त्रिकोणाच्या सीमेला फार तर दोनदा कापते आणि अशा बाजू तीनच. एवढा युक्तिवाद नीट पचवा. खाच नसलेल्या, म्हणजे बहिर्वक्र, कुठल्याही दोन बहुभुजांना तोच लागू पडतो: ज्याच्या बाजू कमी, फार तर त्यांची दुप्पट. त्रिकोण आणि बारा बाजूंचा बहुभुज? तरीही 6च.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात:

- बाजूंचा थेट गुणाकार करून 3 × 3 = 9 लिहिणे.
- कोपरा नुसता टेकला तरी तो छेद धरणे.
- सगळे बहुभुज बहिर्वक्रच समजणे. ही सर्वात महागात पडते. दोन बहिर्वक्र चौकोन फार तर 8 वेळा छेदतात. पण बाणाच्या टोकासारखे, खोल खाचेचे दोन चौकोन एक उभा, एक आडवा ठेवलात तर प्रत्येक बाजू समोरच्या चारही बाजूंना कापते. छेद 16! हे चित्र स्वतःच्या हाताने काढाच, फार सुंदर दिसतं.

मोजून झालं की पेन्सिल एका सीमेवरून फिरवा. दुसऱ्या आकृतीच्या आत शिरली तितक्या वेळा ती बाहेर येणारच, म्हणून छेद सम असतात. 7 आले तर पुन्हा मोजा.

दोन्हीकडे विषम बाजू आणि खाचा, हे प्रकरण अवघड आहे. सध्या बाजूला ठेवा. आज एक त्रिकोण आणि एक खाचेचा चौकोन घेऊन 8 छेद मिळवून बघा.