वाहनचर्चा : केमन चालवणाऱ्याने जिमनी घ्यावी की थार?

प्रश्न : माझ्याकडे काही वर्षांपासून दुसऱ्या मालकाकडून घेतलेली पोर्शे केमन आहे आणि रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात ती चालवणे हा माझा जुना छंद आहे. मध्यंतरी मित्राच्या थारमधून मुळशीजवळच्या एका कच्च्या वाटेने गेलो. ज्या चढावर मी पायीसुद्धा जपून चढलो असतो, तो चढ ती गाडी कसलीही घाई न करता चढून गेली आणि तेव्हापासून मला या प्रकाराची ओढ लागली आहे. केमन विकायची नाही, सोबत एक ऑफ-रोड गाडी घ्यायची आहे. मारुतीची जिमनी, महिंद्राची थार की फोर्सची गुरखा याचा निर्णय होत नाही. गाडी घेताच मोठे टायर, गाडीची उंची वाढवणारे लिफ्ट किट आणि कडक शॉक ॲब्सॉर्बर बसवून घ्यावेत, असे गॅरेजवाले सुचवतात. माझ्या आजवरच्या सवयी इथे उपयोगी पडतील की मोडाव्या लागतील? — एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : मोडाव्या लागतील अशा सवयी थोड्याच आहेत, पण त्यांतल्या बहुतेक आपल्या उजव्या पायाच्या आहेत. वळणाआधी वेग आटोक्यात आणणे, वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेणे, नजर बॉनेटच्या पलीकडे दूरवर ठेवणे, ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो याचे भान असणे, ही सगळी शिदोरी खडकाळ वाटेवरही कामाला येते. फरक पडतो तो पकडीच्या बाबतीत. डांबरावर पकड असतेच आणि ती सुटू नये एवढे पाहावे लागते. चिखलात किंवा सुट्या दगडगोट्यांवर ती एकेका चाकाखाली शोधावी लागते. गाडी जराशी अडली की स्पोर्ट्स कारच्या चालकाला इंजिनच्या ताकदीची आठवण होते. मग चाके जागच्या जागी गरगर फिरतात, आपली काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी पाहता पाहता एक्सलपर्यंत रुतते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून खाली उतरावे आणि चारही चाके कशावर उभी आहेत ते वाकून पाहावे.

हे दोन छंद एकमेकांना परके आहेत असे मात्र समजू नये. आपल्या गाडीच्याच घराण्यातील ९११ ने फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन १९८४ ची पॅरिस-डकार रॅली जिंकली, १९८६ मध्ये ९५९ ने तीच रॅली पुन्हा जिंकली आणि २०२२ मध्ये कंपनीने त्या परंपरेला स्मरून उंच उचललेली '९११ डकार' केवळ २५०० नगांपुरती काढली. लॅम्बोर्गिनीने तर १९८६ मध्येच आपल्या काऊंटाश या स्पोर्ट्स कारच्या जातीचे बारा सिलिंडरचे इंजिन एलएम००२ नावाच्या धिप्पाड गाडीत बसवले होते. त्या गाडीच्या पेट्रोलच्या भुकेविषयी न बोललेले बरे.

आपल्याला सर्वांत अवघड जाईल तो उतार. लो रेंजमध्ये, म्हणजे गाडी सावकाश पण जास्त बळाने चालवणाऱ्या फोर-लो व्यवस्थेत, पहिला गिअर टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा, दोन्ही पाय पेडलपासून दूर फ्लोअरवर टेकवायचे आणि गाडीला रोखण्याचे काम इंजिनवर सोपवायचे, ही रीत ऐकायला सोपी आहे. पण उताराच्या तोंडाशी समोर फक्त आकाश आणि बॉनेट दिसत असताना ब्रेककडे न जाणारा पाय कमवावा लागतो. सुट्या मुरमावर ब्रेक जोरात दाबला तर चाके घसरू लागतात आणि घसरणारे चाक वळवून गाडी वळत नाही. चढावर गाडी अडली तर तिला आडवी वळवण्याच्या फंदात मुळीच पडू नये. रिव्हर्स गिअर टाकून, स्टिअरिंग सरळ धरून, आल्या वाटेने खाली यावे. केमनची उंची सुमारे १.३ मीटर आहे आणि थारची १.८ मीटरहून अधिक, त्यामुळे उतारावर आडवी झालेली केमन जिथे नुसती घसरेल तिथे थार कलंडू शकते. आणखी एक बारीकशी गोष्ट आपल्या हातांची. स्टिअरिंगच्या आऱ्यांत अंगठे अडकवून धरण्याची जी पद्धत आपण अंगवळणी पाडली आहे ती इथे सोडावी आणि अंगठे कडेवर बाहेर ठेवावेत, कारण पुढचे चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग अचानक उलटे फिरते आणि आरा अंगठ्यावर बसतो.

फोर-व्हील ड्राइव्हविषयी आपला एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. वेगवान गाड्यांमधील ऑल-व्हील ड्राइव्ह कोरड्या रस्त्यावर सदैव चालू राहते, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातील फरक सामावून घेण्याची सोय तिच्यात असते. जिमनी, थार आणि गुरखा या तिघींतही ही व्यवस्था पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची आहे. फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या गिअरप्रमाणात चारही चाकांना बळ देणारी स्थिती, लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. मातीत तो फरक चाके किंचित घसरून भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर तो ताण गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते. तेव्हा ताम्हिणीच्या कोरड्या रस्त्यावर पकड वाढेल या आशेने फोर-हाय लावू नये. फोर-लोचे काम वेगळेच आहे. त्यात गिअरचे प्रमाण सुमारे दोन ते अडीच पटींनी वाढते, म्हणजे तेच इंजिन तितक्याच फेऱ्यांत चाकाला दुप्पट-अडीचपट बळ देते आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते.

डिफरन्शियलचा, म्हणजे एकाच एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा विषय आपल्याला परिचयाचा असेल. वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक फिरून ताकद वाया जाऊ नये म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल वापरतात; इथे तोच दोष अधिक ठळकपणे दिसतो. गाडी खाचखळग्यात तिरकी अडकली आणि समोरासमोरच्या कोनांतील दोन चाके हवेत लटकली की साधे डिफरन्शियल सगळे बळ त्या लटकणाऱ्या चाकांना देते आणि जमिनीवरची चाके गप्प राहतात. जिमनीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून बळ दुसरीकडे वळवले जाते. थारच्या काही प्रकारांत मागच्या एक्सलवर दोन्ही चाकांना एकत्र जखडणारे यांत्रिक लॉक आहे, जे दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपोआप बसते. गुरखात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलचे लॉक चालकाच्या हातात आहेत आणि निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ही गाडी तिघींत सर्वांत कणखर आहे.

तरीही माझे मत जिमनीच्या बाजूने आहे, आणि तीही मॅन्युअल गिअरची. केमनमध्ये आपण जे सुख घेता ते केवळ अश्वशक्तीचे नाही. गाडी हलकी आहे आणि चाकाखाली काय चालले आहे ते हाताला कळते, याचे ते आहे. जिमनीचे वजन जेमतेम १२०० किलो आहे आणि थार तिच्याहून सुमारे अर्ध्या टनाने जड आहे. चिखलात वजन हाच पहिला शत्रू असतो. जिमनीला पुढे आणि मागे असे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत, म्हणजे एका टोकाचे चाक दगडावर वर गेले की दुसरे आपसूक खाली दाबले जाते. उणीव इंजिनची आहे. १३४ न्यूटन-मीटरच्या टॉर्कवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या एवढ्याशा बळावर, द्रुतगती महामार्गाचा चढ चढताना आपल्याला पोर्शेची फार आठवण येईल. कुटुंबासह लांबचे प्रवासही याच गाडीने करायचे असतील तर १५० अश्वशक्तीची पेट्रोल थार घ्यावी, मात्र ती फोर-व्हील ड्राइव्हची आहे याची बुकिंगच्या वेळीच खात्री करावी. २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते. दिसायला ती तशीच असते, पण तिला लो रेंज नाही.

आता गॅरेजवाल्यांच्या सूचनांकडे वळू. पहिला पावसाळा गाडी कंपनीतून आली तशीच वापरावी. कडक शॉक ॲब्सॉर्बर घाटात गाडीचा झोल कमी करतात, पण इथे चाकाने खड्ड्यात खोलवर उतरून जमीन गाठणे अपेक्षित असते. सस्पेन्शन ताठ केले की चाक हवेत राहते आणि मघाशी सांगितलेले डिफरन्शियलचे दुखणे आपण पैसे देऊन ओढवून घेतो. मोठ्या टायरमुळे गिअरचे प्रमाण बिघडते, त्यामुळे आधीच कमी टॉर्क असलेली जिमनी चढावर अधिकच थकते, ब्रेकवर जास्त भार येतो आणि स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवतो. लिफ्ट किटने गुरुत्वमध्य आणखी वर जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याविषयीच विचारते.

त्या पैशांत हवेचा दाब मोजण्याचे चांगले गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर घ्यावा. टायरमधील हवा कमी करणे हा या छंदातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रस्त्यावर साधारण ३० पीएसआयच्या आसपास असलेला दाब दगडी वाटेवर २० ते २५ पर्यंत आणि कोरड्या वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवला की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी रुतायची थांबते. त्याहून खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. मऊ टायरवर वेगाने गेल्यास तो तापून फुटतो. ताणली जाणारी रिकव्हरी दोरी, भार सोसण्याची क्षमता छापलेले दोन शॅकल (दोरी अडकवण्याच्या लोखंडी कड्या), फावडे आणि जाड हातमोजे एवढे साहित्य पुरेसे आहे. दोरी नेहमी चेसिसला जोडलेल्या हुकालाच लावावी, ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला कधीही लावू नये. तो गोळा तुटला तर दोरीच्या सगळ्या ताणासह उडतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. ओढताना बघ्यांना दोरीच्या लांबीहून दूर उभे करावे.

शिकण्यासाठी महिंद्राने इगतपुरीजवळ खास मैदान उभारले आहे. तिथले चालू वेळापत्रक विचारून एखाद्या प्रशिक्षणाला जावे आणि शक्यतो गाडी घेण्याआधीच जावे. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा प्रेक्षक म्हणून पाहण्यासारखी आहे. तिथे चालकाच्या शेजारी बसणारा सहकारी गाडीतून किती वेळा उतरतो आणि चिखलात उभा राहून हातांच्या खुणांनी किती काम करतो, हे पाहून घ्यावे. एकट्याने मात्र कुठेही जाऊ नये. दुसरी गाडी सोबत हवीच.

प्रश्न : स्पोर्ट्स कार विकून नुकतीच जिमनी घेतली आहे. दापोलीजवळ ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर वाळूत चालवण्याचा सराव करावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्याने मनाई आहे आणि आपल्या कोकणातही पर्यटकांच्या गाड्यांवर गुन्हे दाखल झाले आहेत. वेळास, आंजर्ले या भागांत हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. ती घरटी वरून दिसत नाहीत आणि चाकाखाली टिकत नाहीत. आपल्या स्वार्थाचे बोलायचे तर ओली वाळू वरून टणक दिसते, खाली मऊ असते, आणि भरती दिवसातून दोनदा येते. रुतलेली गाडी त्याआधी निघाली नाही तर खारे पाणी वायरिंगपर्यंत जाते. वाळूत शिकायचेच असेल तर जैसलमेरजवळच्या वाळवंटात जाणकारांसोबत जावे.

प्रश्न : अनेक वर्षे ट्रॅकवर गाडी चालवल्यानंतर गेल्या वर्षी थार घेतली. चिखलातून आणि एका ओढ्यातून फिरून आल्यापासून ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि पुढून लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज येतो. अलाइनमेंट दोनदा करून झाले, फरक नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : डांबरावर असे लक्षण दिसले की संशय आधी अलाइनमेंटवर किंवा वाकलेल्या रिमवर जातो, म्हणून आपण तिकडे गेलात हे स्वाभाविक आहे. चिखलातून आलेल्या गाडीत आधी रिमची आतली बाजू पाहावी. तिथे मातीचा गोळा वाळून चिकटलेला असतो, बाहेरून दिसत नाही आणि वजनाने चाकाचा तोल बिघडवतो. कर्कश आवाज बहुतेक वेळा ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या खड्याचा असतो. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे-पुढे केली की तो कधी कधी आपणच पडतो, नाहीतर चाक काढून काढावा लागतो. ओढ्यातले पाणी एक्सलच्या वर गेले असेल तर दोन्ही डिफरन्शियलचे तेलही तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे आणि तेल लगेच बदलायला हवे. चारही चाके आतून जोरात पाणी मारून धुवावीत, आणि त्यानंतरही थरथर राहिली तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्यावे, अलाइनमेंट पुन्हा करण्याची गरज नाही.