वाचकांचे प्रश्न : गेममधला राजा कोणत्या स्पॅनिशमध्ये बोलतो?

मागील अंकात या सदरात काल्पनिक दुनियेतील आरपीजी गेम्सविषयी, म्हणजे ज्यांत खेळणारा स्वतः एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो अशा गेम्सविषयी, एक टिपण दिले होते. एकाच गेमचे स्पॅनिश भाषांतर स्पेनसाठी वेगळे आणि लॅटिन अमेरिकेसाठी वेगळे केले जाते, असे त्यात म्हटले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा जादू, ड्रॅगन आणि राजेरजवाड्यांचे गेम खेळतो. भाषा निवडण्याच्या यादीत ‘स्पॅनिश – स्पेन’ आणि ‘स्पॅनिश – लॅटिन अमेरिका’ अशा दोन नोंदी दिसतात. लिपी एक, व्याकरण एक, भाषेचे नियम ठरवणारी अकादमी एक, मग एकाच भाषेवर दोनदा खर्च का? साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बोलण्यातही फरक आहे, पण म्हणून आपण वर्तमानपत्राच्या भाषेत भेद करत नाही. — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अकादमी एक नाही. माद्रिदची अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली हे खरे, पण पुढे अमेरिकेतील देशांनी आपापल्या अकादमी काढल्या आणि १९५१ मध्ये मेक्सिकोत त्यांचा संघ उभा राहिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले स्पॅनिशचे नवे व्याकरण या सर्वांनी मिळून सिद्ध केले आहे. लेखनाचे नियम मात्र समान आहेत, आणि त्यामुळे वर्तमानपत्राविषयी आपण जे म्हणता ते स्पॅनिशलाही लागू पडते, कारण माद्रिदचा अग्रलेख कोलंबियाच्या बोगोतामध्ये कोणालाही विनासायास वाचता येतो.

परंतु आरपीजी हा अग्रलेख नसतो. त्यात हजारो संवाद असतात, आणि समोरच्याला काय म्हणून संबोधायचे हे प्रत्येक संवादात ठरवावे लागते. स्पेनमध्ये चार मित्रांशी बोलताना ‘वोसोत्रोस’ हे सर्वनाम येते आणि परक्या किंवा आदरणीय मंडळींशी बोलताना ‘उस्तेदेस’. लॅटिन अमेरिकेत ‘वोसोत्रोस’ रोजच्या बोलण्यात नाहीच. ते प्रार्थनेत किंवा जुन्या धाटणीच्या भाषणांत कानावर पडते, आणि घरच्या मुलांपासून सभेतील पाहुण्यांपर्यंत सर्वांना ‘उस्तेदेस’ म्हटले जाते. सर्वनाम बदलले की क्रियापदाचे रूपही बदलते. नायक साथीदारांची टोळी घेऊन फिरतो अशा गेममध्ये हा फरक जवळजवळ प्रत्येक प्रसंगात समोर येतो. त्याशिवाय काही शब्दांचे धोके आहेत. जमिनीवर पडलेली तलवार उचलण्यासाठी स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील अर्थाने वापरले जाते. गेममध्ये वस्तू उचलण्याची सूचना सतत पडद्यावर दिसत असते, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील खेळाडूची अडचण कळेल.

खर्चाचे गणितही पाहावे. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींहून कमी आहे आणि एकट्या मेक्सिकोची सुमारे तेरा कोटी. तरीही बरीच वर्षे मोठ्या गेम्सना स्पेनची स्पॅनिश तेवढी मिळत असे. ‘स्कायरिम’ २०११ मध्ये आला तेव्हा त्याचे स्पॅनिश आवाज स्पेनचेच होते. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये दोन्ही प्रकारच्या स्पॅनिशसाठी वेगळे आवाज दिले गेले, तर २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये आणि २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये आवाज इंग्रजी ठेवून मजकूर दोन्ही स्पॅनिशमध्ये दिला गेला. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेला लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश मिळायला २०२५ साल उजाडावे लागले. ज्या खेळाडूंनी पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या बोलीत खेळणे चालवून घेतले, त्यांना स्वतःची भाषा मिळाली यात मला वायफळ खर्च दिसत नाही.

प्रश्न : लॅटिन अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे इतके देश असताना त्या सर्वांसाठी एकच आवृत्ती कशी पुरते? मेक्सिको आणि अर्जेंटिना यांचे बोलणे तरी सारखे आहे का? — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, कराड

उत्तर : सारखे नाही. संगणकाच्या दुनियेत या आवृत्तीला ‘ईएस-४१९’ असा संकेत आहे. त्यातील ४१९ हा संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी यादीत लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशाला दिलेला क्रमांक आहे, म्हणजे तो कोणत्याही एका देशाचा नाही. त्या प्रदेशातील १८ देशांची राजभाषा स्पॅनिश आहे आणि त्या सर्वांसाठी जी भाषा वापरतात तिला ‘तटस्थ स्पॅनिश’ म्हणतात. ही भाषा कोणाच्याही घरात बोलली जात नाही. ती चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या डबिंगमधून घडली, आणि त्या डबिंगचे मोठे केंद्र मेक्सिको असल्यामुळे तिचा कल मेक्सिकोकडे राहिला. अर्जेंटिनाने १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरील डबिंगसाठी केलेल्या कायद्यातही ‘तटस्थ’ स्पॅनिशच सांगितली आहे, पण ती आपल्या देशातील प्रचलित वापरानुसार असावी आणि साऱ्या स्पॅनिशभाषक अमेरिकेला समजावी, अशी दुहेरी अट घातली आहे.

या तटस्थपणाची किंमत अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथील खेळाडू मोजतो. तेथे मित्राला ‘तू’ म्हणत नाहीत, ‘वोस’ म्हणतात, आणि हे रूप तेथे शाळेत, जाहिरातीत व वर्तमानपत्रात पूर्ण प्रतिष्ठित आहे. गेममध्ये मात्र त्याला सगळीकडे ‘तू’ वाचावे लागते. त्याला अर्थ कळतो, पण त्याच्या बालमित्राची भूमिका करणारे पात्र त्याच्याशी बालमित्रासारखे बोलत नाही. माझ्या मते अनेक देशांसाठी एकच आवृत्ती काढणे व्यवहार म्हणून मान्य करावे, पण तिला परिपूर्ण म्हणू नये. एखादा गेम अर्जेंटिनातच घडलेला असेल किंवा तेथेच जास्त खेळला जाणार असेल, तर ‘वोस’ची आवृत्ती अवश्य काढावी.

प्रश्न : मी वाईत अनेक वर्षे हौशी नाटके बसवली. ऐतिहासिक नाटकात राजा, सरदार, शिपाई आणि गावकरी यांच्या तोंडची भाषा वेगवेगळी ठेवावी लागते. आरपीजीतही अशी पात्रे असतात. मग स्पॅनिश भाषांतरकार ही पायरी कशी सांभाळतात, आणि तेथे स्पेन व लॅटिन अमेरिका हा भेद उरतो का? — एक दिग्दर्शक, वाई

उत्तर : या प्रश्नाला सर्वाधिक जागा द्यावी असे मला वाटले, कारण या कामाचे खरे मर्म येथेच आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्या परिसरातील प्रेक्षकाला पात्राच्या पहिल्याच वाक्यावरून त्याचा दर्जा ओळखण्याची सवय आहे. स्पॅनिश खेळाडूचीही अपेक्षा तीच असते.

अडचण इंग्रजीपासून सुरू होते. बहुतेक गेम्सचा मजकूर इंग्रजीतून येतो आणि त्यात राजाला, भिकाऱ्याला, एकाला आणि दहांना एकच ‘यू’ असते. मराठीत आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवडावे लागते, तसे स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतून. त्यांचे एकवचनी ‘तू’ उच्चारानेही आपल्या ‘तू’सारखेच आहे. मात्र मध्ययुगीन वळणाच्या कथेत ‘उस्तेद’ वापरणे अवघड जाते, कारण ते ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या आदरार्थी संबोधनापासून नंतरच्या काळात तयार झाले आणि त्याला आज बँकेच्या पत्राचा वास येतो. म्हणून भाषांतरकार जुन्या ‘वोस’कडे वळतात.

या ‘वोस’चा इतिहास मोठा रंजक आहे. स्पेनमधील कॅस्टील या मध्ययुगीन राज्यात ते वरिष्ठांसाठी वापरले जाई. पुढे ते इतके सर्रास झाले की त्यातला आदर ओसरला आणि ती जागा ‘वुएस्त्रा मेर्सेद’ने घेतली. स्पेनमध्ये आणि व्हाइसरॉयच्या दरबारांशी जवळीक असलेल्या मेक्सिको व लिमा या शहरांत बरोबरीच्या माणसांसाठी ‘तू’ रुळले. दरबारापासून दूर असलेल्या रिओ दे ला प्लाता (आजच्या अर्जेंटिना व उरुग्वे यांचा भाग) आणि मध्य अमेरिकेच्या प्रदेशांत ‘वोस’ टिकले, पण जवळिकीचे सर्वनाम म्हणून. परिणामी एकच सर्वनाम कथेतील राजदरबारात अतिआदराचे आणि आजच्या ब्वेनोस आयरेसच्या चहाच्या टेबलावर अतिसलगीचे आहे.

सुदैवाने क्रियापद मदतीला येते. दरबारी रूप ‘वोस सोईस’, ‘वोस तेनेईस’ असे होते, तर अर्जेंटिनाचे रूप ‘वोस सोस’, ‘वोस तेनेस’ असे. त्यामुळे तेथील वाचकाचाही सहसा गोंधळ होत नाही, आणि लॅटिन अमेरिकेच्या आवृत्तीतही राजाला दरबारी ‘वोस’ने संबोधता येते. उलट गोंधळ स्पेनच्या आवृत्तीत होण्याचा संभव अधिक. दरबारी ‘वोस’ची क्रियापदे आणि रोजच्या ‘वोसोत्रोस’ची क्रियापदे रूपाने सारखीच असतात, आणि स्पॅनिशमध्ये सर्वनाम बहुधा गाळले जाते. राणी समोर उभ्या असलेल्या नायकाला ‘तेनेईस’ म्हणाली, तर ती एकट्या नायकाला आदराने बोलते आहे की त्याच्यासह त्याच्या साथीदारांनाही, हे केवळ वाक्यावरून कळत नाही. अशा ठिकाणी भाषांतरकाराला ‘वोस’ मुद्दाम लिहावे लागते किंवा ‘महाराज’, ‘सरदार’ असे संबोधन जोडावे लागते. मेक्सिकोच्या खेळाडूला हीच क्रियापदे मुळातच जुनी आणि भारदस्त वाटतात. म्हणजे एका आवृत्तीतील वाक्य दुसरीत जसेच्या तसे ठेवले, तरी त्याचा परिणाम सारखा होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे पात्रांच्या संबोधनांचा तक्ता. कोण कोणाला तू म्हणतो, कोण वोस म्हणतो, आणि कथेच्या कोणत्या वळणावर हे नाते बदलते, हे भाषांतराला हात घालण्यापूर्वी लिहून काढावे लागते. नाटकात दुसरा अंक पहिल्यानंतरच येतो. गेममध्ये मात्र खेळणारा एखाद्या पात्राला मैत्री होण्यापूर्वी भेटेल की नंतर, हे त्याच्या निवडीवर अवलंबून असते. म्हणून काही संवाद दोन्ही नात्यांत शोभतील असे लिहावे लागतात, किंवा ते दोनदा लिहून गेमच्या आतील स्थितीनुसार त्यांतला एक दाखवावा लागतो. हा तक्ता नसेल, तर एकच सेनापती सकाळी वोस आणि दुपारी तू म्हणू लागतो, कारण ती दोन दृश्ये दोन भाषांतरकारांकडे गेलेली असतात.

गावकरी आणि बुटके खाणकामगार यांच्या भाषेविषयी माझे मत ठाम आहे. इंग्रजीत अशा पात्रांना स्कॉटलंडचा हेल देण्याची प्रथा आहे, आणि स्पॅनिशमध्ये आणताना दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाचा किंवा मेक्सिकोच्या खेड्यातला हेल देण्याचा मोह होतो. आपल्याकडे नोकराच्या आणि हवालदाराच्या तोंडी माणदेशी घालून हशा मिळवण्याची खोड जुनी आहे, आणि आटपाडीच्या प्रेक्षकाला ते कसे लागते हे आपण जाणता. खऱ्या प्रदेशाची बोली खऱ्या माणसांची असते. पात्राचा साधेपणा छोट्या वाक्यांतून, म्हणींतून आणि कामाच्या शब्दांतून दाखवता येतो, आणि तसा दाखवला तर तो दोन्ही आवृत्त्यांत टिकतो.

कल्पनारम्य कथांचा शब्दसंग्रह मात्र बराचसा सामायिक आहे, आणि त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात छापील पुस्तकांना जाते. १९५५ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये ‘मिनोतौरो’ ही प्रकाशन संस्था काढणारे फ्रान्सिस्को पोर्रुआ यांनी टोपणनावाने, आणि अर्जेंटिनाच्या मातील्दे होर्ने यांनी, इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अंगठीच्या महाकथेचे स्पॅनिश भाषांतर केले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते बार्सेलोनाहून प्रसिद्ध झाले आणि त्यातील नावे समुद्राच्या दोन्ही काठांच्या वाचकांनी स्वीकारली. त्यामुळे मंत्राला ‘एचीसो’ म्हणावे की ‘कोन्खूरो’, हा प्रश्न देशभेदाचा नसून त्या गेमच्या शब्दसूचीचा असतो, आणि एकदा ठरलेला शब्द शेवटपर्यंत पाळणे एवढेच त्यात महत्त्वाचे असते.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून एक लहान आरपीजी तयार करत आहोत. पुढे तो स्पॅनिशमध्ये न्यायचा झाल्यास प्रोग्रॅमरने आधीच काय करून ठेवावे? — एक वाचक, विटा

उत्तर : वाक्याचे तुकडे जोडून संवाद तयार करू नका. इंग्रजीत ‘प्राचीन’ हा एकच शब्द ढाल आणि तलवार दोघींपुढे लावता येतो. स्पॅनिशमध्ये ढाल पुल्लिंगी असल्याने ‘एस्कुदो आंतीग्वो’ आणि तलवार स्त्रीलिंगी असल्याने ‘एस्पादा आंतीग्वा’ असे लिहावे लागते, शिवाय विशेषण नामाच्या मागे येते. म्हणून प्रत्येक वस्तूच्या नोंदीत तिचे लिंग आणि वचन साठवण्याची सोय ठेवा. खेळाडू स्त्री पात्र निवडू शकत असेल, तर ‘तू थकला आहेस’ अशा वाक्याला दोन रूपे द्यावी लागतील, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रत्येक संवादाशेजारी बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि ऐकणारे किती, याची टीप लिहा. ही एक सवय भाषांतरकाराचे जितके श्रम वाचवते तितके दुसरे काहीही वाचवत नाही. स्पॅनिश मजकूर इंग्रजीहून बराच लांब होतो, तेव्हा चौकटी मोकळ्या ठेवा. अक्षरसंचात ‘एन्ये’ हे अक्षर, आघाताच्या खुणांचे स्वर आणि वाक्यारंभीची उलटी प्रश्न व उद्गार चिन्हे आहेत का, ते तपासा. दशांशासाठी स्पेन आणि अर्जेंटिनात स्वल्पविराम तर मेक्सिकोत बिंदू वापरतात, हेही आकडे दाखवताना उपयोगी पडेल. दोन्ही स्पॅनिशच्या फायली स्वतंत्र ठेवा. मात्र एखादे वाक्य एका फायलीत नसेल, तर गेमने इंग्रजीकडे न जाता दुसऱ्या स्पॅनिशकडे जावे, अशी व्यवस्था करा.

प्रश्न : माझ्या मुलीने स्पॅनिशची बी-१, म्हणजे मध्यम, पातळीची परीक्षा दिली आहे. तिला गेम्सच्या भाषांतराचे काम मिळेल का? — एक पालक, सातारा

उत्तर : स्पॅनिशमध्ये भाषांतर करण्याचे काम मिळणे कठीण आहे, आणि ते योग्यही आहे. या व्यवसायात मातृभाषेत भाषांतर करण्याचा दंडक आहे, आणि वर सांगितलेले वोस व वोसोत्रोस यांचे बारकावे मातृभाषकाच्याच हाती सुरक्षित राहतात. पण भाषांतराच्या प्रकल्पाभोवती इतर बरीच कामे असतात. शब्दसूची सांभाळणे, भाषांतरकारांच्या शंका गेम बनवणाऱ्यांपर्यंत नेणे आणि उत्तरे परत आणणे, मजकूर गेममध्ये बसवल्यावर कोठे तुटतो ते पाहणे, या कामांना स्पॅनिश समजणारा आणि व्यवस्थितपणा असलेला माणूस लागतो. त्यासाठी तिने बी-२ च्या पुढे जावे.

तयारी म्हणून दोन्ही स्पॅनिश असलेला एखादा आरपीजी तिने घ्यावा आणि त्यातील एकाच पात्राचे संवाद दोन्ही आवृत्त्यांत वाचून, ते पात्र कोणाला कसे संबोधते याची वही करावी. काम मागायला जाताना ती वही सोबत न्यावी.