याद्या बाजूला ठेव, प्रश्न लिही

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. पुण्यात बोट क्लबच्या क्विझला जिच्याकडे सगळी टीम आशेनं बघायची, ती तू अमेरिकेतल्या क्विझबोलच्या, म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या बझर-क्विझच्या, पहिल्याच स्पर्धेत नऊ नेग घेऊन आलीस, मध्येच बझर दाबून नऊ उत्तरं चुकवलीस. आणि आता मला विचारतेस, "ताई, आधी कोणती यादी पाठ करू? चित्रकारांची, नोबेलवाल्यांची की राजधान्यांची?"

कोणतीच नको. प्रश्न लिही.

नियम तुला ठाऊक आहेत, पण हिशोब तू अजून मांडलेला दिसत नाहीस. टॉसअप म्हणजे दोन्ही टीमांना एकदम वाचला जाणारा, अवघड क्लूपासून सोप्याकडे जाणारा प्रश्न. त्याचे १० गुण, मध्येच बझर दाबून चुकलं की उणे ५, आणि बरोबर आलं तर फक्त तुमच्या टीमला ३० गुणांचा बोनस. तुमच्या टीमला एका बोनसमागे सरासरी १५ मिळतात असं धर. म्हणजे एक टॉसअप २५ गुणांना पडतो. तू नेग घेतलीस की ५ तर गेलेच, शिवाय समोरच्यांना उरलेला अख्खा प्रश्न निवांत ऐकायला मिळतो. तेही तुमच्याच तोडीचे असतील तर २५ घेऊन जाणार. एका बोटाच्या घाईनं ३० गुणांचा फरक पडला. नऊ वेळा!

आपल्याकडच्या क्विझमध्ये चौघं डोकी एकत्र आणतात आणि धाग्याला धागा जोडत उत्तर काढतात. ती सवय सोडू नकोस, बोनसला टीमशी बोलता येतं, तिथे ती कामाला येईल. टॉसअपला मात्र तू एकटी असतेस. तिथे उत्तर काढायचं नसतं, ओळखायचं असतं, आणि ओळख यादीतून होत नाही. यादी सांगते, 'गर्निका' हे चित्र म्हणजे पिकासो. टॉसअप सुरू होतो छायाचित्रकार डोरा मार हिनं टिपलेल्या, ते चित्र घडत असतानाच्या फोटोंपासून, मग येतो चित्रातला विजेचा दिवा, मोडकी तलवार, घोडा आणि बैल. पिकासोचं नाव कानावर पडेपर्यंत प्रश्न संपलेला असतो. माझी पहिली दोन वर्षं अशा याद्यांत गेली, त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून इतकं कळवळून सांगते आहे, प्रश्न लिही.

कसा, ते एका प्रश्नावर दाखवते. उत्तर घे पानिपत. तू मराठी, तुझ्या मनात पहिल्यांदा येणार विश्वासरावांना लागलेली गोळी. आपल्या घरात तो सोपा क्लू, पण तिकडच्या टीमांना अवघड. क्रम खेळणाऱ्यांकडे बघून लावायचा, आपल्या घराकडे बघून नव्हे. पहिली ओळ काशीराज पंडिताची ठेव: शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या या गृहस्थानं इथल्या लढाईचा वृत्तान्त फार्सीत लिहून ठेवला. मग इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि अब्दालीच्या उंटांवरचे जंबुरके, म्हणजे छोट्या तोफा. मग १५५६ चा हेमू. त्यानंतर बाबरानं कातड्याच्या दोरांनी एकमेकांना जखडलेले गाडे. अगदी शेवटी, "दहा गुणांसाठी सांगा, १५२६, १५५६ आणि १७६१ च्या लढायांसाठी प्रसिद्ध असलेलं दिल्लीच्या उत्तरेचं हे ठिकाण." आणि "हे ठिकाण", "या ठिकाणी" हे शब्द पहिल्या ओळीतच आले पाहिजेत. नाहीतर कोणी लढाईचं नाव सांगेल, कोणी वर्ष सांगेल, आणि प्रश्न वाचणारा मॉडरेटर गोंधळेल.

आता हेमूची ओळ नीट बघ. "या ठिकाणी एका राजाच्या डोळ्यात बाण घुसला" एवढंच लिहिलंस तर एखादा बझर दाबून हेस्टिंग्ज म्हणणार. १०६६ च्या त्या लढाईत हॅरल्ड राजा डोळ्यात बाण लागून मेला अशी कथा तिकडे शाळेपासून सांगतात. त्याला नेग बसेल, पण चूक त्याची नाही, लिहिणारीची आहे. "हवाई नावाच्या हत्तीवरच्या राजाच्या डोळ्यात बाण घुसला" असं लिहिलंस की हेस्टिंग्जचा प्रश्नच उरत नाही, कारण हत्ती बाणाच्या आधी कानावर पडतो. शब्दांचा क्रम एवढा महत्त्वाचा असतो. तू पाठवलेले नऊच्या नऊ नेग मी पाहिले. सात ठिकाणी तू असंच दोघांना लागू पडणारं काहीतरी ऐकलंस आणि त्यातलं ओळखीचं उचललंस. कोणता शब्द उत्तर पक्कं करतो हे ऐकणाऱ्याच्या कानाला कळायला त्यानं स्वतः दहा-वीस वेळा तो शब्द शोधलेला असावा लागतो. दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

क्लू विश्वकोशाच्या पहिल्या परिच्छेदातून उचलू नकोस. सगळे तिथूनच उचलतात, त्यामुळे ते क्लू शिळे झालेले असतात. पुस्तकाच्या मधल्या प्रकरणात जा, तळटीपा वाच.

तू विचारलंस, तुमच्या तिथल्या कॉलेजच्या क्लबच्या कपाटात जुने करंडक आहेत, मग अलीकडे एकही का नाही? या खेळाचा इतिहास बघ म्हणजे कळेल. १९५३ मध्ये एनबीसी रेडिओवर कॉलेज बोल हा क्विझचा कार्यक्रम सुरू झाला, १९५९ ते १९७० टीव्हीवर चालला, १९७७ पासून पुन्हा कॅम्पसवर आला. ब्रिटनची युनिव्हर्सिटी चॅलेंज त्याचंच रूप, आणि तिची भारतातली आवृत्ती मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयानं जिंकली होती, हे तुझ्या टीमला अवश्य सांग. पण कॉलेज बोलचे प्रश्न कंपनीकडून यायचे, आणि आखूड असायचे. ज्याचं बोट चपळ त्याचं फावायचं. वाचणारी मुलं वैतागली आणि त्यांनी लेखणी स्वतःच्या हातात घेतली. १९९१ मध्ये एसीएफ ही स्पर्धा भरवणारी संघटना उभी राहिली, जिथे खेळायला येणाऱ्या टीमाच पॅकेट, म्हणजे एका सामन्याचा प्रश्नसंच, लिहून पाठवायच्या. १९९६ मध्ये एनएक्यूटी ही दुसरी संस्था आली, तीही खेळाडूंनीच काढलेली. कॉलेज बोलची कॅम्पसवरची स्पर्धा २००८ मध्ये बंद पडली. खेळाडूंनी लिहून उभं केलेलं आजही चालू आहे. तुमच्या कपाटातल्या करंडकांवरची सालं बघ आणि त्याच सालांची तुमच्या क्लबनं लिहिलेली पॅकेटं शोध. मी पैजेवर सांगते, जोड्या लागतील.

या बाबतीत मला हट्टी म्हणतात. म्हणोत. प्रश्न न लिहिता वर्षभर नुसते बझर दाबणाऱ्यांचे बोनसचे सरासरी गुण जिथल्या तिथे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि लिहिणाऱ्यांचे १२ वरून १८ वर गेलेलेही. मग मी मवाळपणे का सांगू?

विषय वाटून घ्या. एसीएफच्या २० टॉसअपमध्ये साहित्य ४, इतिहास ४, विज्ञान ४, कला ३. धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रं मिळून ४. भूगोल, चालू घडामोडी वगैरेंना १. तू इतिहास आणि धर्म घे. विज्ञानाला खरंच विज्ञान शिकणारं माणूस हवं, तिथे वरवरचं वाचन चालत नाही. प्रत्येकानं आठवड्याला दोन टॉसअप आणि एक बोनस लिहायचा. बोनसचे तीन भाग असे ठेव की १० पैकी ९ टीमांना पहिला यावा, ५ टीमांना दुसरा, एखादीलाच तिसरा. नवीन लिहिणाऱ्यांचा मधला भाग हमखास अवघड होतो, त्याकडे लक्ष दे. चौघांनी पाच आठवडे लिहिलं तर ४० टॉसअप आणि २० बोनस होतात. पॅकेटला २० आणि २० लागतात, म्हणजे निम्मे टॉसअप फेकून देता येतील. द्याच.

सरावाला तुझा प्रश्न दुसऱ्याला वाचायला लाव आणि जो जिथे दाबेल तिथे कागदावर रेघ मार. सगळ्या रेघा एकाच शब्दावर आल्या तर तिथे कडा आहे, अवघडवरून एकदम सोप्यावर पडलेला प्रश्न. तो क्लू खाली ढकल आणि मध्ये दोन नवे घाल.

आणि एक कडक सूचना. येणाऱ्या स्पर्धेसाठी लिहिलेले प्रश्न उघड्या फाइलमध्ये ठेवायचे नाहीत, त्यातला एक शब्दही मित्रांत बोलायचा नाही. २०१३ मध्ये हार्वर्डची चार विजेतेपदं रद्द झाली, कारण एनएक्यूटीसाठी प्रश्न लिहिणाऱ्या त्यांच्या खेळाडूनं येणाऱ्या प्रश्नांचे सुरुवातीचे शब्द दिसणारं पान उघडलं होतं. त्याचा वापर केल्याचा थेट पुरावा नव्हता, तरी विजेतेपदं गेली. योग्यच झालं. लिहिणाऱ्यांवरचा विश्वास गेला तर खेळायला काही उरत नाही.

क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये, टीम बी मध्ये, टाकलं म्हणून रडत बसू नकोस, तिथे तुला जास्त टॉसअप मिळतील. नेगची वही कर. प्रत्येक नेगला तीन गोष्टी लिही: कोणता क्लू, तू काय म्हणालीस, खरं उत्तर काय. मग त्या दोन्ही उत्तरांवर एकेक टॉसअप लिही. नऊ नेग म्हणजे १८ टॉसअप. पुढच्या स्पर्धेपर्यंत तेवढंच काम पुरे.

रविवारपर्यंत पानिपतचा प्रश्न पाठव, इंग्रजीत, सात ओळींत बसवून. मी पुढच्या दोन दिवसांत रेघा मारून परत धाडते. आधी हेमूची ओळ बघणार आहे.

तुझी,
ताई