स्टुडिओतील नोकरी की सुटी कामे?

प्रश्न : मी पुण्यात थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. तेथील एका स्टुडिओने नोकरी देऊ केली असून पगार बेताचा आहे आणि दोन वर्षांचा बॉन्ड लिहून द्यायचा आहे. इकडे घरी राहून जाहिरातींची व बालगीतांची सुटी कामे मिळू लागली आहेत, शिवाय केळीच्या बागेत वडिलांना हातभारही लागतो. काय करावे?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : तुम्ही आधी नोकरी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण या वयात तुमचे शॉट कोण तपासतो, यावर पुढची सारी वाटचाल अवलंबून असते. सेकंदाला २४ फ्रेमच्या या कामात, पाऊल टेकल्यानंतर पात्राची कंबर किंचित खाली आली नाही, तर ते चालण्याऐवजी तरंगत असल्यासारखे वाटते. अनुभवी लीड (गटाचा प्रमुख अ‍ॅनिमेटर) हा दोष ब्लॉकिंगच्या, म्हणजे मुख्य पोझ बसवण्याच्या, टप्प्यावरच हेरतो आणि तो कसा सुधारायचा हेही दाखवतो. सुटे काम देणारा ग्राहक मात्र ‘काहीतरी खटकते आहे, बदलून द्या’ एवढेच सांगू शकतो, आणि त्यात त्याची चूकही नसते.

वडिलांना बागेत मदत लागते, ही अडचण खरीच आहे. हंगामापुरता मजूर लावणे परवडेल का, हे घरी मोकळेपणाने बोलून घ्या.

पुढे सुट्या कामांकडे वळाल, तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि किती वेळा बदल करून द्याल हे आधीच लेखी ठरवा. कंपन्या व्यावसायिक शुल्कातून बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापतात. विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेला कर परत मिळतो. ‘उद्यम’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवण्याची मुभा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराला करारानेही मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने, रात्रभराचे रेंडर (संगणकाने तयार केलेली अंतिम चित्रे) थेट व्हिडिओ फाइलमध्ये न काढता सुट्या फ्रेमच्या चित्रमालिकेत काढावे, म्हणजे वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि उरलेल्याच काढाव्या लागतात.

बॉन्डवर सही करण्यापूर्वी मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि प्रदर्शित झालेले शॉट स्वतःच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुना-व्हिडिओत, वापरता येतील का, हे लेखी मागा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवू नका. तुमचे काम रोज कोण पाहणार, हेही थेट विचारा. त्याचे नेमके उत्तर मिळाले नाही, तर ही नोकरी नाकारून दुसऱ्या स्टुडिओत अर्ज करा.